वल्हांडणाचं जेवण आणि अमोलची किडनी

त्या वसंतात माझं आणि देवाचं फारसं बरं चाललेलं नव्हतं. भांडण असं नव्हतं. मी रोज प्रार्थना करत होतो आणि तो रोज गप्प बसत होता, एवढंच. माझी मागणी मला तरी अगदी साधी वाटायची. प्रभू, माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत, तेव्हा मला बरं कर. फक्त कुणाला त्रास न देता कर. कुणाच्या पोटाला चिरा नको, कुणाचे उपकार नकोत. पाहुण्याने दारात पाऊल ठेवतानाच "काही करू नका हं, नुसता चहा, आणि असलीच तर दोन भजी" म्हणावं, त्यातला प्रकार. माझी बायको रूथ म्हणायची, "अहो, तुम्ही प्रार्थना करत नाही, ऑर्डर देता. वर सूचना पण देता."

आठवड्यातून तीनदा मी मॉरिसव्हिलच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्या मोठ्या खुर्चीत पांघरूण घेऊन पडायचो. बाहेर पाइनच्या झाडांचा पराग उडत असायचा. अमेरिकेच्या या भागात वसंतात तो इतका पडतो की गाड्या, पायऱ्या, पोस्टाच्या पेट्या, सगळ्यांना हळद लागल्यासारखं दिसतं. खिडकीतून तो पिवळा धूर बघता बघता डोळा लागायचा. अर्धवट झोपेत मशीनची घरघर नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा चर्चमधल्या बाजाच्या पेटीत मिसळून जायची. तिथे मी बालपणापासून कोकऱ्याच्या, म्हणजे आमच्या प्रभूच्या, रक्ताची गाणी गायलेली, तीही वरच्या पट्टीत, शेजारच्याला ऐकू जाईल अशी. आणि आता माझंच रक्त नळीतून बाहेर जाताना आणि दुसऱ्या नळीतून परत येताना दिसायचं. गाण्यातलं रक्त किती सोपं होतं, असं वाटायचं. हे रक्त मात्र गरम होतं, आणि ते बाहेर गेलं की मला थंडी वाजायची.

किडनी मिळत नव्हती असं नाही. खरी अडचण हीच होती की मिळत होती. रूथचा धाकटा भाऊ अमोल दुसऱ्या राज्यात, एडिसनला असतो. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, लग्न अजून केलेलं नाही, आणि हसतो तेव्हा सगळा सोफा हलतो. रूथची किडनी जुळली नाही, याची जुळली. वजन थोडं कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हा पठ्ठ्या लॅपटॉप उचलून आमच्याकडे राहायलाच आला. ताईच्या देखरेखीखाली ओट्स खायचे, म्हणून. त्याच्या रक्ताच्या, लघवीच्या, हृदयाच्या, मनाच्यासुद्धा तपासण्या झाल्या. "दाजी, इतक्या टेस्ट तर आम्ही रिलीजच्या आधी पण करत नाही, यार," तो म्हणाला. कुठे डाग नाही, दोष नाही, असा निकाल आला. आता हॉस्पिटल थांबलं होतं ते माझ्या होकारासाठी. आणि मी म्हणत होतो, "विचार करून सांगतो."

विचार कसला? उद्या याच्या उरलेल्या किडनीला काही झालं तर? याचं लग्न व्हायचंय. मी पन्नाशी ओलांडलेला, खाऊन पिऊन झालेला माणूस. माझ्यासाठी या धडधाकट मुलाने का कापून घ्यायचं? अमोलला मी मूलच समजतो, तो अडतीस वर्षांचा असला तरी. मी नको म्हणत राहिलो आणि ते माझं मला फार उदात्त वाटत राहिलं. रूथला ते उदात्त वगैरे वाटत नव्हतं. ती भांडी जरा जोरात ठेवू लागली होती. डॉक्टरांनीही सौम्य शब्दांत सांगितलं होतं की माझं शरीर फार काळ थांबणार नाही.

अशात शेजारच्या मिरियमकाकूंचं जेवणाचं बोलावणं आलं. मिरियमकाकू ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शाळाशिक्षिका, यहुदी. रूथने पहिल्याच भेटीत त्यांना काकू केलं, आणि ही काहीतरी पदवी असावी अशा समजुतीने त्यांनी ती स्वीकारली. मुलं कॅलिफोर्नियाला, वल्हांडणाला, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या सणाला, यंदा कुणी येणार नव्हतं. कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "शास्त्रात लिहिलंय, घर लहान असेल आणि एक कोकरू संपणार नसेल तर शेजाऱ्याला बोलवा. माझं घर लहान आहे. या." हे सगळं इंग्रजीत झालं, पण माझ्या आठवणीत त्या मराठीतच बोलतात, त्याला माझा इलाज नाही.

आता रिकाम्या हाताने कसं जायचं? आमच्या बायबल स्टडीत सहसा मी बोलतो आणि बाकीचे चहा पितात, तेव्हा हे खातं माझं. मी रूथला ठासून सांगितलं, "वल्हांडणाला बेखमीर भाकर लागते. यीस्ट नाही, सोडा नाही, म्हणजे आपली चपातीच की! चपात्या कर." तिने सकाळीच छान कणीक मळून मुरायला ठेवली, आणि संध्याकाळी पदर सुटलेल्या मऊसूत चपात्यांचा डबा घेऊन आम्ही निघालो. अमोलचा ऑफिसचा कॉल चालू होता. तो मागून येणार होता. मी दारातच डबा पुढे करून म्हणालो, "बेखमीर भाकर, आमच्या पद्धतीची!"

काकूंनी झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि मग विचारलं, "पीठ कधी भिजवलं?"

"सकाळी," रूथ अभिमानाने म्हणाली. "मुरलं की मऊ होतात."

काकूंनी छातीवर हात ठेवला. "अगं, पीठ आणि पाणी भेटलं की आमचं घड्याळ सुरू होतं. लगेच लाटून लगेच भाजायचं. जरा पडून राहिलं की ते खमीर, मग फुगलेलं दिसो न दिसो. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिने घर बदललं असतं!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. रूथने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आमच्या बायबल स्टडीचं पुढचं सगळं भवितव्य होतं. डबा सन्मानाने बाहेर ओसरीवरच्या बाकावर ठेवण्यात आला.

टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, आणि मधोमध एक ताट. काकू एकेक वस्तू उचलून तिची गोष्ट सांगत होत्या. कडक, पापडासारखी भाकर दाखवली. डोळ्यांत पाणी आणणारं कडू मूळ दाखवलं. ताटात एक भाजलेलं हाडही होतं, कोकराचं. ते मात्र त्यांनी उचललं नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमचं प्राचीन मंदिर होतं तोवर कोकरू अर्पण होत होतं. मंदिर गेलं. आता बळी नाही, फक्त आठवण. उचलून धरलं तर कुणाला वाटेल आपण खरंच अर्पण करतोय. म्हणून हात लावायचा नाही."

"मग बळीशिवाय तुमचं कसं भागतं?"

"प्रार्थना. पश्चात्ताप. दानधर्म. आणि असं टेबलाभोवती बसणं."

मला राहवलं नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे तो कोकरा एकदाच, सर्वांसाठी दिला गेला, हे मी सांगू लागलो. काकूंनी सूप वाढता वाढता शांतपणे ऐकून घेतलं. "ठाऊक आहे. माझे शेजारी आयुष्यभर ख्रिस्तीच होते. त्या हाडात तुम्हाला तुमचा प्रभू दिसतो, मला माझी आई दिसते. आपण दोघंही सूप पिऊया, गार होतंय. आणि एक, हे कोकरू पापासाठी नव्हतं हं. पापाचे बळी वेगळे. हे बाहेर पडायचं जेवण. चपला घालून, काठी हातात घेऊन जेवायचं."

मग त्या सहज बोलून गेल्या, "मुलांना शिकवताना मला नेहमी एका गोष्टीचं वाईट वाटायचं. कोकरू आयत्या वेळी आणायचं नाही. एकही दोष नसलेलं निवडून आधीच घरात आणून ठेवायचं. काही दिवस ते घरात वावरणार, लुडबुडणार. लेकरांनी त्याला नाव दिलं असेल."

माझा चमचा हातातच राहिला. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत कित्येक आठवडे एक जण वावरत होता. निर्दोष म्हणून सर्टिफिकेट मिळालेला. टीव्हीचा रिमोट हरवणारा, बाथरूममध्ये गाणारा, सकाळी ओट्सकडे बघून उसासा टाकणारा. अमोल काही तारणारा नव्हे, हे मला पुरतं ठाऊक आहे. तो मरणारही नव्हता. तारणारा एकच, आणि त्याच्याविषयी मी आयुष्यभर बोललो आहे. तेवढ्यात मनात आलं की बोललोच आहे फक्त. दुसऱ्याने स्वतःला चिरून दिलेलं आपण घेऊन टाकायचं असतं, हे मी गाण्यात कबूल करत होतो आणि घरात नाकारत होतो. मी फार पुढे सरकलेला भक्त नव्हतो. मी ताटावर बसून जेवायला नकार देणारा माणूस होतो.

"काकू," मी विचारलं, "मिसर सोडायच्या त्या रात्री कुणी म्हटलं असेल का, की मला नको, बिचाऱ्या कोकराला कशाला?"

"असेल की. आमच्यात असा एक तरी असतोच. पण मग तो मिसरातच राहिला असता."

"निदान उद्या खातो, असं?"

"उद्यासाठी ठेवायची परवानगी नाही. सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. आजचं आजच."

"यांना विचार करून सांगायची सवय आहे," रूथ म्हणाली. तिचा आवाज चेष्टेचा होता, पण शेवटच्या शब्दाला तो तुटला. काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांच्या वाट्यांत आणखी सूप वाढलं.

या रात्री एक संदेष्टा घरोघर येतो असं मानतात; जेवण झाल्यावर त्याच्यासाठी पेला भरून दार उघडायचं असतं. खरं तर ते बरंच उशिरा, पण काकू म्हणाल्या, "माझ्या वयात संदेष्ट्यालाही लवकर बोलवावं लागतं. जा, तू उघड." मी उठलो. सकाळीच डायलिसिस झालेलं. ती चार पावलं मी चाललो की तरंगलो, कोण जाणे. दार उघडलं आणि संध्याकाळचा सगळा उजेड एकदम आत आला. सूर्य नुकताच झाडांमागे गेला होता. हवेत तो पिवळा पराग इतका संथ तरंगत होता की जणू तो पडायचं विसरला होता. समोरच्या डॉगवुडच्या झाडाची पांढरी फुलं फांदीपासून सुटून स्वतंत्र उभी असल्यासारखी दिसत होती. कुठलाच आवाज नव्हता. मला वाटलं, मी पुन्हा त्या खुर्चीत झोपलोय आणि हे सगळं तिथे दिसतंय. कितीतरी दिवसांनी मला थंडी वाजत नव्हती.

आणि ओसरीवरच्या बाकावर अमोल बसला होता. मांडीवर डबा, तोंड भरलेलं, बुटांवर पराग.

"दाजी, चपात्या बाहेर का ठेवल्यात? मला वाटलं, माझ्यासाठीच. ताईला सांगू नका हां, प्लीज."

"अमोल, मी घेतो," मी म्हणालो.

"घ्या ना. अजून चार आहेत."

"चपाती नाही रे. किडनी."

त्याचं चावणं थांबलं. त्या मोठ्या, सोफे हलवणाऱ्या माणसाने मान खाली घातली. मग मनगटाने डोळे पुसून म्हणाला, "बरं. मग ही शेवटची. उद्यापासून परत ओट्स." मागे दारात रूथ उभी होती. तिने चपात्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या संध्याकाळी संदेष्टा आला की नाही, मला सांगता येणार नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, त्याच्यासाठी भरलेला पेला जसाच्या तसा होता. मी एवढंच सांगतो की दार उघडायला मी गेलो तो एक माणूस होतो आणि उघडून परत आलो तो दुसरा. मधे मी काही पराक्रम केला नव्हता. एक कडी तेवढी सरकवली होती.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. भूल देण्याआधी मी प्रार्थना करायला गेलो तर एकही सूचना आठवेना. "घे" एवढंच म्हणालो. मग वाटलं, देतोय तर तो. मी काय घे म्हणतोय? ते दुरुस्त करायच्या आत झोप लागली. जाग आली तेव्हा नर्स पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी दाखवून म्हणत होती, "बघा, सोनं!" ज्याला समर्पणाची शिकवण हवी असेल त्याला मी हेच सांगेन: मी झोपलो होतो, आणि माझ्या आत दुसऱ्याचं दान मला न विचारता काम करत होतं. आम्ही ज्याला कृपा म्हणतो ती याहून अनंत पटींनी मोठी असेल, पण तिची रीत हीच असावी. समर्पण म्हणजे आपण काहीतरी भव्य देणं, असं मी समजत आलो होतो. ते बहुतेक वेळा नुसतं घेणं असतं, आणि घेताना खाली पाहायला लागणं.

चालायची परवानगी मिळाल्यावर सलाइनचा स्टँड ढकलत मी अमोलच्या खोलीत गेलो. आभाराचं चांगलं भाषण तयार केलं होतं, त्यात दोन ठिकाणी थांबून गहिवरायची सोयही होती. पण तो गाढ झोपला होता, एक हात कुशीवर, तोंड उघडं. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्याला उठवलं नाही. तो घोरत होता, आणि प्रत्येक घोरण्याला मी मनात आमेन म्हणत राहिलो.