पायाळूचा पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही – आणि तुमची कंबर धरलेली असली तरी मला त्याचा पत्ता नाही.

कारण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची कंबर धरली, की ते माणूस आधी माझ्या दारात येतं. डॉक्टर नंतर. वरण गॅसवर असू दे, मी डोक्याला मेंदी थापून बसलेली असू दे – बेल वाजणार, आणि बाहेर कुणीतरी वाकडं होऊन, एक हात भिंतीला टेकवून उभं. "ताई, उसण भरलीय हो. जरा पाय लावता?" बेचाळीस वर्षं हेच चाललंय. वीट आलाय नुसता! मी पायाळू ना – म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेली. असल्या माणसानं उसण भरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण पळते म्हणे. कोणी सांगतं डावा पाय, कोणी सांगतं उजवा. कोणाला उंबऱ्यावर हवा, कोणाला उपाशीपोटी. अहो, एकदाचं ठरवा तरी! चुकून कुणाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, असं शिकवलेली मी, आणि सत्तरीचे रिटायर्ड हेडमास्तर माझ्यापुढे पालथे पडून म्हणायचे, "मार पोरी, लाजू नकोस."

लालबागची खोली सोडून बाबांनी भाईंदर पश्चिमेला घर घेतलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नवी बिल्डिंग, नव्या मुली, आणि त्या मला काही केल्या खेळायला घेईनात. अशातच एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंना पाण्याचा हंडा उचलताना उसण भरली. त्या जिन्यातच बसल्या. "अगं, पायाळू कोण आहे का गं तुमच्यात?" असं कुणीतरी ओरडलं. सगळ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि – कसा ते मला अजून कळलेलं नाही – माझा हात वर गेला.

काकू उठल्या. कंबर दुखायची थांबली की तेवढ्या माणसांत बसून राहायची लाज वाटली, देव जाणे. मला करंजी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी लंगडीत जागा मिळाली. मग काकू घरी येऊन आईला म्हणाल्या, "कळलं बरं का, तुमची पोर पायाळू आहे ते." आईनं माझ्याकडे पाहिलं. तिथंच दोन धपाटे घातले असते तर काय बिघडलं असतं? पण नव्या शेजारात पोर खोटारडी ठरायला नको, म्हणून आई म्हणाली, "हो ना, पायाळूच ती."

पुढे आईची ती गोष्ट वाढत गेली. आधी नुसतं 'पायाळूच ती'. मग त्यात गावची सुईण आली. मग दीड दिवसाच्या कळा आल्या, मग गेलेली लाईट आली, आणि शेवटी सुईणीनं दोन्ही पाय धरून मला लोण्यातून केस काढावा तशी अलगद बाहेर काढली. आई ही गोष्ट इतकी रंगवून सांगायची, की मलासुद्धा त्या सुईणीचा चेहरा दिसायला लागला. खरं विचाराल तर मी मुंबईतल्या सरकारी दवाखान्यात, भर दुपारी, डोक्याकडून, कुणाला काहीही त्रास न देता जन्मले.

शिक्षाही भोगली म्हणा. पायाळूवर वीज पडते म्हणतात, त्यामुळे आभाळ जरा गडगडलं की सगळ्या मुली खाली आणि मी खिडकीत. आई खरोखरच बाहेर सोडायची नाही. "लोक बघतायत," म्हणायची. मी वैतागायचे, ती डोळे वटारायची, आणि आम्ही दोघीच मनातल्या मनात हसायचो. बाबा आधीच गेले होते, चार वर्षांपूर्वी आईही गेली. तेव्हापासून हे ठाऊक असलेली मी एकटीच.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का? उसण काय, दोन दिवसांत आपली आपण जाते. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मुख्य गोष्ट सांगायची तर – थांबा, सांगते.

माझी मुलगी ऋता. ऐरोलीला मोठ्या ऑफिसात काम करते आणि घरी आली की मला सुधारते. आई, फोन असा धरतात का. आई, भाजीवाल्याशी असलं हिंदी बोलू नकोस, तो हसतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आली, तीही कंबर धरूनच. मी आपली सवयीनं पाय पुढे केला, तर म्हणाली, "वेडी झालीस का? पोटुशीला लाथ मारतेस?" आणि तिनं फोनवर केबिन रोडची एक कायरोप्रॅक्टर शोधून काढली. हे काय नवीन? तर म्हणे हातानं मणके-सांधे मोकळे करणारी. गरोदर बायका, तान्ही मुलं, अख्खं घरच्या घर तिच्याकडे जातं. मला राग आला. खरं सांगते, आला. कंबर हा माझा प्रांत होता.

गेलो. पहिल्या मजल्यावर छोटंसं क्लिनिक, आणि एक टेबल – त्याला मधोमध पोटासाठी खोलगट जागा. ऋता त्यावर पालथी झोपली आणि इतक्या महिन्यांनी पालथं पडायला मिळालं म्हणून तिनं असा काही सुस्कारा सोडला, की माझा राग तिथंच गळाला. डॉक्टरीणबाई बोलायलाही सरळ. ऋताचं बाळ पोटात पायाळू बसलेलं होतं, ते त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी बाळ फिरवत नाही हं. मी तुमची कंबर सैल करते. बाळ फिरलं तर छान, नाही फिरलं तर गायनॅक जे सांगेल ते ऐकायचं." त्या बाईंना बोल लावायला कुठंही जागा नाही.

मग त्या फॉर्म भरायला बसल्या. घरात कुणाला शुगर, कुणाला बीपी, आणि घरात आधी कुणी पायाळू जन्मलंय का?

"ही काय, आई!" ऋता म्हणाली.

तुम्हाला कसं सांगू तो आवाज? शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या मैत्रिणींना 'ही माझी आई' म्हणून दाखवायची ना, तसा. मधल्या वीस वर्षांत तो मी ऐकलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून मला विचारलं, "नॉर्मल झालं होतं? काही प्रॉब्लेम?"

नऊ वर्षांच्या पोरीनं हात वर केला, त्याला फार तर पोरकटपणा म्हणाल. पण मी पन्नाशी ओलांडलेली, शाळेच्या ऑफिसात लोकांचे जन्मदाखले तपासत आयुष्य काढलेली बाई. आणि मी म्हणाले, "घरीच. सुईणीच्या हातून. काहीसुद्धा त्रास नाही." त्यांनी ते लिहून घेतलं.

बाळ फिरलं नाही. गायनॅकनं सिझरची तारीख दिली आणि ऋता अडून बसली. आजीनं गावात, अंधारात केलं, मग मी हॉस्पिटलात का नाही करू शकत? आमचे हे समजावून थकले. जावई समजावून थकला. गायनॅकनं चक्क हात जोडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आई सांगेल तर ऐकेल.

दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं. एवढं सोपं होतं हो! एक वाक्य. 'अगं, मी पायाळू नाही, आजीची गोष्ट खोटी आहे.' मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती हातातली काडी मोडत म्हणाली, "आई, तू अशी धडधाकट समोर बसलीयस ना, म्हणून मला भीतीच वाटत नाहीये."

आणि मला ते गोड लागलं. हे, हे सांगायचं होतं मला. मी घाबरून गप्प बसले नाही, लाजूनही नाही. मला ते आवडलं म्हणून गप्प बसले. जी मुलगी माझं हिंदी सुधारते, ती माझ्या जिवावर निर्धास्त झाली होती, आणि ते मला सोडवेना. मी म्हणाले, "तुझ्या मनाला पटेल ते कर." मेथी धुवायला उठले.

तारीख आठवडाभर पुढे ढकलली. मूळ तारखेनंतर चौथ्या दिवशी सकाळी अकराला तिचं पाणी गेलं. हॉस्पिटल पूर्वेला, आणि तिकडे जायच्या पुलावर गाड्यांची ही रांग! ऋता माझा हात धरून म्हणत होती, "आजीनं कसं गं केलं असेल?" हॉस्पिटलात पोचेपर्यंत सिझरची वेळ निघून गेली होती. पाय आले, अंग आलं, आणि डावा हात डोक्याशी वर अडकला. तो सोडवताना खांद्याची नस ताणली गेली.

नात झाली. सई. आता दहा महिन्यांची आहे. गोरीगोमटी, हसरी, दोन दात. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, काही मुलांचा सुधारतो, काहींचा राहतो, बघू. आम्ही बघतोय. फिजिओथेरपीचे व्यायाम दिवसातून चारदा, आणि दर शनिवारी मी तिला केबिन रोडला नेते. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाही साफ सांगितलं, की हात बरा करणं त्यांच्या हातात नाही, ते फिजिओचं काम. एका बाजूनं ओढून ओढून तिची मान आखडते, तेवढी त्या सैल करतात. झटका नाही, कडकड नाही. पिकलेला टोमॅटो दाबून बघावा तेवढंच बोट. सई त्यांच्याकडे बघून हसते.

मागच्या शनिवारी त्यांनी कशासाठी तरी ऋताचा जुना फॉर्म काढला. माझी ओळ त्यात होती, निळ्या शाईत. त्या ती वाचून सहज म्हणाल्या, "हां, तुमच्या घराण्यातच आहे ना हे." मी 'हो' म्हणाले. पुन्हा एकदा.

ऋता आता माझं हिंदी सुधारत नाही. व्यायाम करवताना सईचा हात धरून हळूहळू वर नेते, पोर रडायला लागली की थांबते, आणि म्हणते, "मीच हट्ट केला गं आई. सगळे सांगत होते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. "तुझी काही चूक नाही," म्हणते. आणि वाक्य तिथंच संपवते. पुढचा अर्धा भाग मला येतो, दहा महिने तोंडपाठ आहे.

काल समोरच्या मनीषाबेन आल्या. सिलिंडर सरकवताना उसण भरलेली, दारातच कमरेत वाकलेल्या. मला वाटलं, यांना आता हाकलूनच द्यावं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. "अरे, अब तो घर में छोटी पायाळू भी है ना! उसका पैर लगाओ, बेबी का असर ज्यादा होता है." ऋता किती तरी दिवसांनी हसली. सईला उचलून आणलं, तिचं पाऊल मनीषाबेनच्या पाठीला तीनदा टेकवलं. सईला मजा वाटली, ती उजवा हात हवेत नाचवायला लागली. डावा अंगाशीच होता.

"आई, तूही लाव ना," ऋता म्हणाली. "दोघींचा एकदम."

मी पदर खोचला आणि लावला. तीनदा. मनीषाबेन सरळ झाल्या, इकडून तिकडे चालून बघितलं, आणि विचारायला लागल्या, की नक्की कुणाच्या पायानं गेली.

"सईच्या," मी म्हणाले.

ऋताला वाटलं, मी नातीचं कौतुक करतेय. तिनं सईचा पापा घेतला. मी तेवढंच खरं बोलले होते. घरात पायाळू एकच आहे.