आधी टोकाला पाणी

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन धायरीला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा माझा नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत होता. सोसायटीतले लोक त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे कौतुकानं बघायचे. सासऱ्यांच्या पेन्शनचं कुणाला काय कौतुक असणार?

मग परदेशातल्या मंदीचं निमित्त झालं आणि कंपनीनं एका शुक्रवारी अख्खा मजलाच घरी पाठवला. ओळखपत्र काढून घेतलं. घराचे हप्ते तेवढे आमच्याकडे राहू दिले.

सासऱ्यांची पहिल्या तारखेची वाट ठरलेली होती. बँकेतून आले की आधी आमच्या कामवाल्या मावशींचे पैसे, मग इस्त्रीवाला, दूधवाला, वाणी, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची औषधं. मी चिडायचे.

"अहो बाबा, औषधं तरी आधी आणत जा."

"कालव्याला पाणी सोडलं की आधी शेवटच्या टोकाला द्यायचं असतं, सूनबाई. धरणाजवळचा काय, कधीही घेईल."

आता त्याच पाण्यावर आमचा हप्ता आणि मुलीची फीही आली. वाणी रोज विचारायचा, "बाबांची तब्येत बरी ना?" त्याची काळजी अगदी खरी होती. आमच्यासकट सगळी गल्ली म्हाताऱ्याच्या छातीला कान लावून बसली होती.

नेमका त्या छातीतच बिघाड निघाला. हृदयाची झडप. सदाशिव पेठेतले डॉक्टर तोलूनमापून बोलणारे होते. "ऑपरेशन साधलं तर चालते-फिरते व्हाल. पण या वयात टेबलावरून न उठण्याचा धोका मोठा आहे. नाही केलं तर वर्ष-दोन वर्षं निघतील, पण हाल होतील. आडवं पडता येणार नाही."

"म्हणजे न केलं तर नोव्हेंबर गाठता येतो," सासरे म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. आम्हाला कळलं. दर नोव्हेंबरात पेन्शनरनं बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे सासरे गेले की पेन्शनही जाणार होती.

"बाबा, तुम्ही पैशाचा विचार करू नका," नवरा म्हणाला.

"मग कोण करणार? तू?"

नवऱ्यानं डॉक्टरांची फाईल मिटून पिशवीत टाकली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. तरी मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर सासरे खुर्चीतच राहू लागले. समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकायचे, तीच त्यांची झोप. पाय इतके सुजले की चपला होईनात. त्यांचा श्वास स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि मी कुकरची शिट्टी होईपर्यंत तो ऐकत उभी राहायचे. नोव्हेंबरात त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. एका बाजूला नवरा होता, दुसऱ्या बाजूला वाणी, दुकान टाकून आलेला.

बँकेतल्या मुलीनं गोड हसून विचारलं, "कसे आहात आजोबा?"

"दाखल्यापुरता आहे."

उन्हाळ्यात नवऱ्याला नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला, बाबांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडला. "बाबा, आता ऑपरेशन करून टाकू. आता पेन्शन नसली तरी चालेल आपल्याला."

सासऱ्यांनी बोलण्यापुरता श्वास गोळा केला. "कायम आहे का?"

"आता कायम कुठे असतं, बाबा? वर्षाचा करार आहे."

"मग राहू दे. अजून एक नोव्हेंबर काढतो."

मी पेढा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"आधी मावशींना दे," ते म्हणाले.