एकाच कढईतला लाल

पट्टेवाल्या मावशीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम लाल असायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईला कुणीतरी छडीनं फोडून काढलंय. जवळ गेल्यावर कळायचं की ते लिपस्टिकचे पट्टे आहेत, एकाखाली एक, कधी पाच, कधी नऊ. बोईसरच्या कटलरीच्या दुकानात नवीन माल आला की मावशी न विचारता नमुन्याची कांडी उचलायची, हातावर ओढायची आणि चालू पडायची. संध्याकाळी परत येऊन दुकानदाराला सांगायची, ही ठेव, ती परत पाठव. दुकानदार मुकाट्यानं ऐकायचे, कारण तिचा अंदाज चुकत नसे.

ती मूळची केळव्याजवळच्या माहीमची. नवरा गेल्यावर तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागली आणि चौदा वर्षं लिपस्टिकच्या साच्यांपुढे उभी राहिली. पातळ रंग साच्यात ओतायचा, थंड करायचा, कांडी नळीत बसवायची. कंपनी दोन नावांनी माल काढायची. एक नाव जड सोनेरी डबीत मुंबईच्या मॉलमध्ये जायचं, झाकण लावलं की टक्कन आवाज यायचा. दुसरं प्लॅस्टिकच्या नळीत आमच्या बोईसर-पालघरच्या दुकानांत यायचं. लालच्या दोन-तीन छटा तर दोन्हीकडे अगदी एकच होत्या. मावशी म्हणायची, "कढई एकच हाय. अर्धा रंग नटून मुंबैला जातो, अर्धा इथंच ऱ्हातो." पुढे कंत्राट संपलं, तशा त्या पाळीवरच्या सगळ्या बायका घरी बसल्या.

म्हणून ती महागड्या मालाला सरसकट नावं ठेवायची असं मात्र नाही. तिच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. लिपस्टिक लावून आधी कपभर चहा, मग तळलेला बोंबील. बोंबलाचं तेल ओठांवरून गेल्यावर जे उरेल ते खरं. कित्येक महागड्या कांड्या बोंबलापुढे नापास झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि स्वस्तातली एक मातकट विटकरी दोन बोंबील खाऊनही जागची हललेली नाही. काजळ स्वस्तातलंच घ्यावं, ते कुठलंही पसरतंच. नेलपॉलिशला पैसे घालू नयेत, भांडी घासणाऱ्या हातावर तिसऱ्या दिवशी सगळी सारखीच. पण चेहऱ्याला फासायच्या गोष्टीत काटकसर करू नये, तिथे स्वस्त माल अंगावर उठतो. असं ती सांगायची आणि दर वेळी वर एक वाक्य जोडायची, "डबी कोण खातो?"

मावशीचा दुसरा गुण म्हणजे ती कुणाला माफ करत नसे. तिला हा दोष वाटत नव्हता आणि मलाही वाटत नाही. एकदा बाजारातल्या एका कोळणीनं तिला शिळं पापलेट गळ्यात मारलं. मावशी भांडली नाही. पुढचे आठ महिने ती त्या कोळणीच्या नाकासमोर उभी राहून शेजारच्या पाटीतून मासळी घ्यायची आणि मोठ्यानं तिच्या ताजेपणाचं कौतुक करायची. शेवटी त्या बाईनं पाटी हलवली आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी हसले तर मावशी शांतपणे म्हणाली, "मी भांडत नाय, बाय. मी वाट बघते."

आमची गाठ पडली ती मॅडमकडे. मॅडम म्हणजे बोईसरातल्या एका ब्रायडल स्टुडिओच्या मालकीणबाई. मी नवऱ्याच्या नोकरीपायी जळगावाकडून इकडे आलेली, नवरीला साडी नेसवण्याचं काम करायची. कंपनी सुटल्यावर मावशी रंग जुळवायला आली. नवरीच्या कातडीवर एक नजर टाकून ती छटा सांगायची आणि मॅडम तीच छटा स्वतःला सुचल्यासारखी नवरीच्या आईला ऐकवायच्या. मॅडमना स्वस्त या शब्दाचीच शिसारी होती. कुणाच्या हातात प्लॅस्टिकची नळी दिसली की त्या नाक मुरडून म्हणायच्या, भांडीवालीच्या ओठांवर शोभेल ती. समोर मावशी उभी असायची, तिची मोठी बहीण माहीमला चार घरची भांडी घासायची. मला मॅडमचा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

मग केळव्याचं ते लग्न आलं. वाडीतलं घर, मागे नारळी-पोफळी, आतल्या खोलीत नवरी आणि तिच्याभोवती वीस बायका. मॅडमनी नवी सोनेरी डबी आणली होती, मुंबईच्या मॉलमधली. नवरीचे ओठ रंगवून झाले आणि मुहूर्त जवळ आल्यावर पुन्हा हात फिरवायला म्हणून डबी शोधली तर डबी नाही. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली आणि मावशीला पिशवी उलटी करायला सांगितलं. मावशीनं केली. चटईवर रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, घराची किल्ली आणि लिपस्टिकची एक प्लॅस्टिकची नळी पडली. मॅडमनी नळी उघडून स्वतःच्या हातावर पट्टा ओढला आणि नवरीच्या ओठांशी धरला. रंग तंतोतंत तोच.

साध्या माणसानं म्हटलं असतं, रंग सारखा आहे, डबी तर वेगळी आहे. मॅडमनी म्हटलं, हिनं माझ्या डबीतला माल खरवडून आपल्या नळीत भरला आणि डबी बाहेर वाडीत फेकली. हे त्यांना इतक्या चटकन कसं सुचलं, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं. मावशी म्हणाली, "एकाच कढईतला हाय तो. मी ओतलाय या हातांनी." वीस बायकांपैकी कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. एवढी महाग वस्तू आणि बोईसरच्या दुकानातली नळी एकच, हे कुणाला पटणार? नवरीच्या आत्यानं आपले दागिने मोजायला घेतले. केळवं आणि माहीम म्हणजे शेजारशेजारची गावं, जेवणाच्या पंगती उठायच्या आत गोष्ट माहीमला पोचली होती.

चौथ्या दिवशी पिनांच्या बटव्यात मला ती सोनेरी डबी सापडली. साडीच्या निऱ्या करताना तोंडात पिना, एका हातात पदर, नवरीनं डबी माझ्या हातात दिली असणार आणि मी ती बटव्यात टाकली असणार. चोरी नव्हती, घाईतली चूक होती. त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं तर दोन शब्दांत विषय मिटला असता. पण चार दिवस उशीर झाला होता, मॅडमनी मला चोर म्हटलं असतं, नवऱ्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. मी डबी कपाटात साड्यांखाली सरकवली. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

मावशीला कुठल्याही लग्नघरी बोलावणं बंद झालं. माहीमला सख्ख्या पुतणीच्या हळदीला तिच्या मागेमागे एक पोरगी फिरत होती, मावशी कुठे हात घालते ते बघायला. मावशीनं ते मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नाही. एवढंच म्हणाली की मॅडमना ती सोडणार नाही. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर आहे. आणि खरंच होते, तिच्यापेक्षा जास्त जोरानं होते, कारण मॅडमवर जितकं जास्त शेकेल तितकं माझं ओझं हलकं होईल अशी माझी समजूत होती.

वर्षभरानं मला हवं ते दिसलं. मी दुपारी लवकर स्टुडिओत गेले तर मॅडम टेबलाशी बसून चपट्या सुरीनं प्लॅस्टिकच्या नळ्यांतला रंग खरवडत होत्या आणि संपलेल्या सोनेरी डब्यांत दाबून भरत होत्या. मावशीवर घातलेला आळ त्यांना का सुचला, ते मला तिथे दारात उभ्याउभ्या कळलं. नवरीला मॉलचा भाव लागायचा आणि ओठांवर बोईसरचा माल चढायचा. म्हणून तर त्या कांडी कधी वर फिरवायच्या नाहीत, सगळं काम ब्रशनं करायच्या. मी तशीच पायऱ्या उतरून मावशीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडम येतात ना?

आमच्या वसाहतीच्या महिला मंडळानं त्या वर्षीपासून विधवांनाही कुंकू लावायचं ठरवलं होतं, त्यामुळे मावशीला मी उजळ माथ्यानं घेऊन गेले. मॅडमचं भाषण होतं, महाग आणि स्वस्त प्रसाधनं कशी ओळखावीत. त्यांनी सोनेरी डबी उंच धरली, स्वस्त रंगानं ओठ कसे काळे पडतात ते सांगितलं. मागच्या सतरंजीवरून मावशी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, जरा पूर्ण वर फिरवा ना ती. मागं बसलेल्यांना दिसत नाय."

मॅडम म्हणाल्या, ही ब्रशनंच वापरायची असते. पण बायकांनी आग्रह धरला. मॅडमनी मदतीला माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून डबी घेतली आणि तळापर्यंत फिरवली. साच्यातून निघालेली कांडी गुळगुळीत, टोकदार असते. इथून वर आला तो बोटांचे ठसे उमटलेला एक गोळा, तिरका झाला आणि तिळगुळाच्या ताटात पडला. मावशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आता पेटी उलटी करा मॅडम. मी पिशवी केली होती." मॅडमनी शेजारच्या मेकअपच्या पेटीवर हात ठेवला. मी त्यांचा हात बाजूला सारला आणि पेटी सतरंजीवर पालथी केली. खरवडलेल्या प्लॅस्टिकच्या सात नळ्या निघाल्या.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेली त्याची चित्रफीत बोईसरच्या प्रत्येक फोनमध्ये होती. ज्यांची लग्नं होऊन गेली होती त्या नवरीमुलींच्या आया स्टुडिओत येऊन भांडल्या. मॅडम रडल्या, आजारी पडल्या असंही कळलं. पाडव्याच्या आधी स्टुडिओची पाटी उतरली. मावशीनं आणि मी समोरच्या टपरीवर वडापाव खात ते पाहिलं. मला तेव्हा कणभर वाईट वाटलं नाही आणि आज लिहितानाही वाटत नाही. तो वडा फार चविष्ट होता.

पण मावशीचं नाव काही धुऊन निघालं नाही. लोक म्हणाले, मॅडम लबाड निघाली. मावशी चोर नव्हती, असं कुणीच म्हटलं नाही. केळव्याची डबी हरवलेली होती ती हरवलेलीच राहिली होती. मॅडमकडचं काम सुटल्यावर मी स्वतंत्रपणे साड्या नेसवू लागले आणि रोज दुपारी मावशीच्या खोलीवर जाऊन बसायला लागले. ती माझ्यासाठी गवती चहा घालून चहा करायची, कुठली क्रीम घे, कुठली फेकून दे ते सांगायची, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करायची. माझ्याशी इतक्या मायेनं सासरचं-माहेरचं कुणी वागलं नाही. तीन वर्षं हे चाललं. सांगायचं रोज ठरवायचे आणि कप रिकामा करून उठायचे.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं आणि ती माहीमला बहिणीकडे राहायला गेली. भेटायला गेले तेव्हा हात पांढरा पडला होता, एकही पट्टा नव्हता. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, एका दमात. ती छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मला लग्नाच्याच दिवशी म्हाईत झाला. परत येताना टमटममधे पदराला पिन हवी होती, तुजा बटवा उघडला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बोलले असते तर मॅडम सुटली असती. चूक झाली म्हणून हात जोडले असते नि मोकळी. मला ती सगळीच्या सगळी हवी होती."

"आणि मी? माझा सूड का नाही घेतला?"

ती वळली आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "घेतला नाय कसा? तीन वरसं रोज दुपारी तुला समोर बसवून चा पाजला. खाली उतरत होता का घोट?"

महिन्याभरानं ती गेली. तेराव्याला मी माहीमला गेले, पर्समध्ये ती सोनेरी डबी घेऊन. ओसरीवर केळव्याच्याही चार-पाच बायका आल्या होत्या, त्या नवरीची आत्या त्यांच्यात होती. जेवणं झाल्यावर आत्या उसासा टाकून म्हणाली, माणूस लाखाचं, फक्त हाताला ती एक खोड होती. मी उठून उभी राहिले. म्हटलं, मावशीनं काही चोरलं नव्हतं, डबी माझ्याकडे होती, चूक माझी. आणि पर्स त्यांच्यासमोर पालथी केली. डबी फरशीवर टक्कन आपटून आत्याच्या पायाशी गेली.

आत्यानं ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि बाकीच्यांकडे बघत मान हलवली. "म्हणजे तिनं तुला दिली होती तर," ती म्हणाली, "आमी उगाच वाडीत शोधत होतो."