एका पायातलं पैंजण

परवा सराफ बाजारातून येताना एका दुकानाच्या काचेत नमुन्याला एकच पैंजण टांगलेलं दिसलं आणि मी तिथेच थबकलो. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत आमचा नवा संसार होता. एका सकाळी बायको पाणी भरत होती आणि छुमछुम एकाच पायाची येत होती. विचारलं तर म्हणाली, "कडी तुटली, सोनाराकडे टाकलंय." सोनार गल्लीतलाच, त्याला विचारलं तर काहीच ठाऊक नव्हतं. आदल्याच आठवड्यात तिचा भाऊ घोटीहून येऊन गेला होता. पैंजण तिने त्यालाच दिलं असणार, हे माझ्या मनात बसलं. जेवताना मी टोमणा मारला, "मेव्हण्याचं एकाच पैंजणात भागलं का गं?" तिने डावा पाय साडीत ओढून घेतला. "काय लपवतेस?" मी ओरडलो. तिने साडी गुडघ्यापर्यंत वर केली. पाय सुजून तकतकीत झाला होता, घोट्यावर पैंजणाचा वळ उमटलेला. "हत्तीपाय असेल तर मला माहेरी धाडाल म्हणून बोलले नाही," ती म्हणाली. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. ओटीपोटात पायाची शीर दाबली गेली होती, त्यामुळे रक्त वर चढत नव्हतं. परतताना रिक्षात मी हसून म्हणालो, "बघ, हत्तीपाय नाहीच." ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आणि असता तर?" मी म्हणालो, "काहीतरीच काय." उपचारांनी पायाची सूज केव्हाच उतरली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही.