रिपोर्टला वार आहे

आधी मिक्सरचं भांडं गेलं. मग न्हाणीघरातली बादली, आणि शेवटी बडोद्याच्या सुभानपुऱ्याच्या चौकात एका अनोळखी माणसाच्या स्कूटरचा दिवा. मोहना शितोळेकडून त्या आठवड्यात जे जे फुटलं ते हातून निसटलं, असं तिचा नवरा उन्मेष शेजाऱ्यांना सांगत होता. बिचारा खोटं बोलत होता. बाईने नेम धरून फोडलं होतं.

लाठी शिकवणारी बाई म्हणजे भांडखोर असणार, असं लोक धरूनच चालतात. मोहना तशी नव्हती. काठी हातात घेणाऱ्याला मारायला नंतर शिकवतात, आधी हात आवरायला शिकवतात. तिच्या माहेरचे सुर्वे गायकवाडी पलटणीतले. पलटण गेली, मान गेला, पोरं बँकेत आणि विम्यात लागली, पण घरातली काठी काही गेली नाही. लीलाआत्याने ती मोहनाच्या हातात दिली, आणि आता मोहना समा भागातल्या एका सोसायटीच्या मैदानात सकाळी मुलींचा वर्ग घ्यायची. मराठी मुली मोजक्या, बाकी सगळ्या गुजराती.

आत्याचा एक दंडक होता आणि मोहनाने तो कधी मोडू दिला नव्हता. जोडीत खेळताना मारणारीने आपल्या मनाने मारायचं नाही. समोरची पाय रोवून, काठी आडवी धरून तयार झाली की तीच ओरडणार, "वार!" मगच काठी सुटणार, आणि सुटलेली काठी समोरचीने अडवली नाही तरी अंगापासून चार बोटांवर थांबणार. "मारता कुणालाही येतं, थांबवता आलं पाहिजे," असं ती मुलींना रोज ऐकवायची. मुलींना ते पाठ झालं होतं आणि कंटाळाही आला होता.

तर अशी ही बाई फोडत का सुटली, त्याचं कारण तिच्या पोटात होतं.

वर्षभर अंगावरून जात होतं. आधी पाळी लांबली, मग लांबलेली पाळी थांबेचना, मग रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या. जिना चढताना धाप लागायची. मोहनाने गडद रंगाच्या सलवारी शिवून घेतल्या आणि विषय संपवला. शेवटी उन्मेषनेच हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाशयात गाठी निघाल्या. बाई चांगल्या होत्या, नीट समजावून सांगितलं. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात, त्या बहुतेक साध्याच असतात, गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे, घाबरण्यासारखं नाही. एक गाठ मात्र बाकीच्यांपेक्षा फार वाढली होती. म्हणून एमआरआय करून घेऊ, आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू. खात्रीसाठी.

त्या "खात्रीसाठी"ने घात केला. लीलाआत्यालाही गाठच होती. आत्या कुणाला बोलली नव्हती, आणि बोलली तेव्हा फार उशीर झाला होता. आत्याच्या शेवटच्या दिवसांत तिचं अंग पुसायचं काम मोहनाकडे होतं. दंडावर काठीचे जुने वण होते आणि खाली पोट फुगून टम्म झालेलं. ते पोट आता मोहनाला स्वतःच्या कुडत्याखाली दिसायला लागलं.

आत्याच्या मरणातून शिकायचं ते सोडून मोहना नेमकं नको ते शिकली. तीही कुणाला बोलली नाही. मुलगा नील बेंगळुरूला, त्याला नाही. बहिणीला नाही. मुलींना तर नाहीच. "उगाच गावभर कशाला?" असं उन्मेषला दटावून तिने त्याचंही तोंड बंद केलं.

एमआरआय झाला, तुकडा तपासायला गेला आणि वाट बघणं सुरू झालं. लॅबवाल्यांकडे नंबर उन्मेषचा दिलेला होता, पण फोन करायची मोहनाच. पलीकडची मुलगी गोड आवाजात एकच सांगायची, "मॅडम, हजी वार छे."

वार छे म्हणजे वेळ आहे, अजून उशीर आहे. बडोद्याच्या मराठी घरांत हा शब्द कधीच शिरून बसलाय. स्वयंपाकाला वार आहे, लग्नाला वार आहे, गाडी यायला वार आहे. पुण्याचे पाहुणे आले की "जेवायला अजून वार आहे" ऐकून गोंधळतात, कुणी कुणाला मारणार आहे की काय असं विचारतात, आणि इथले लोक त्यांना हसतात. मोहनाही हसत आली होती. आता लॅबच्या मुलीने "वार छे" म्हटलं की तिच्या ओटीपोटात खरोखरच कुणीतरी काठी हाणल्यासारखं व्हायचं.

पहिल्यांदा असाच फोन ठेवला आणि तिने मिक्सरचं भांडं ओट्यावर आपटलं. एकदा आपटलं, ते चेपलं. मग फुटेपर्यंत आपटत राहिली. दाण्याचं कूट भिंतीवर उडालं. आणि मग तिच्या लक्षात आलं की तेवढा वेळ पोटातली गाठ आठवली नव्हती.

हे वाईट झालं. औषध सापडलं.

बादली तिने लाथेने फोडली. स्कूटरवाल्याची कथा अशी, की त्याने मागून मोहनाच्या गाडीला हलकासा धक्का दिला आणि वर "आंटी, घेर बेसो ने", घरी बसा ना, असं ऐकवलं. मोहनाने गाडीला बांधलेली काठी सोडली आणि त्याचा दिवा उडवला. काच रस्त्यावर सांडली. तो उतरायला लागला तसं तिने काठीचं टोक त्याच्या गळ्याच्या घाटीवर टेकवलं आणि शांतपणे म्हणाली, "उतर." त्याचं तोंड पांढरं पडलं. माणसं जमली, कुणीतरी मोबाईल काढला. तो गडी गाडी वळवून पळाला तेव्हा मोहनाला वाईट वाटलं, तो पळाल्याचं. तिला त्याचा गळा हवा होता. घरी येईपर्यंत तिला कडकडून भूक लागली होती.

"आज वर्ग नको घेऊस," दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष म्हणाला. त्याची बाजव्याकडच्या कारखान्यात पाळी होती, पण तो चहाचा कप धरून दारातच उभा राहिला. "तुझा चेहरा बघ ने आरशात."

"घरी बसले तर भिंती फोडीन, अहो."

"मग मुलींना सांग तरी. बरं नाही म्हणावं. एवढं सांगायला काय वांधा आहे?"

"बरं नसायला काय झालंय मला?" ती ओरडली, आणि जाता जाता दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

मैदानाच्या फाटकाशी सानवीची आई मृदुलाबेन भेटल्या. लेकीला सोडायला आल्या होत्या. सानवी तेरा वर्षांची, किडकिडीत, वर्गात सगळ्यांत उशिरा आलेली आणि सगळ्यांत जास्त जीव लावून शिकणारी. "केम छो, टीचर? तबियत तो सारी छे ने?" मृदुलाबेननी सहज विचारलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसली असणार. आदल्या दिवशीही त्यांनी हेच विचारलं होतं. मोहना दोन्ही वेळा म्हणाली, "एकदम मजामां." मृदुलाबेन निश्चिंत होऊन गेल्या.

वर्ग सुरू करण्याआधी मोहनाने लॅबला फोन लावला. हजी वार छे.

तिने फोन पिशवीत कोंबला आणि काठी उचलली. त्या दिवशी जोड्यांत एक मुलगी जास्त झाली, म्हणून सानवीसमोर मोहना स्वतः उभी राहिली. मांड्यांमधून गरम काहीतरी ओघळल्याचं तिला कळलं. आत्याचं पोट डोळ्यांसमोर आलं. समोर मुलगी होती, पण मोहनाला मुलगी दिसत नव्हती. फुगलेलं, टम्म, हसत बसलेलं काहीतरी दिसत होतं, आणि हातात काठी होती.

सानवीच्या कपाळावरची पट्टी सैल होऊन डोळ्यांवर आली. तिने काठी बगलेत धरली, दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि म्हणाली, "एक मिनिट, टीचर, वार छे."

मोहनाने त्यातलं एकच ऐकलं. वार.

दोष कानांचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. मोहना जन्माची बडोद्याची. मराठीतला वार कुठला आणि गुजरातीतला कुठला, हे तिला झोपेतही कळलं असतं. पण त्या सकाळी तिला मारायचंच होतं. तिला परवानगी हवी होती, ती मिळाली असं तिने ठरवून टाकलं.

काठी खांद्यावरून फिरून आली ती पूर्ण ताकदीने. चार बोटांवर थांबली नाही. सानवीने शेवटच्या क्षणी हात खाली घेतला आणि काठी तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. हात जिथे वाकू नये तिथे वाकला.

आणि क्षणभर मोहनाला बरं वाटलं.

हे लिहायला मला आवडत नाही, पण असंच झालं. पोटातलं सगळं त्या एका फटक्याबरोबर बाहेर पडल्यासारखं तिला वाटलं. मग सानवी किंचाळली.

मुली रडत मागे सरकल्या. एकीने तर काठी मोहनाच्या दिशेने रोखून धरली होती, स्वतःच्या बचावासाठी. मोहनाने ते पाहिलं. तिने आपली काठी फेकून दिली, ओढणी काढून मुलीचा हात छातीशी बांधला, तिला उचललं आणि रस्त्यावर धावत येऊन रिक्षा थांबवली. सानवी पहिल्यांदा तिच्या मांडीवर बसायला तयार होईना. रिक्षा हलली तशी वेदनेने तीच चिकटली.

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टर बसवायच्या तयारीला लागले तेवढ्यात मृदुलाबेन पोचल्या. वर्गातल्या कुणा मुलीने जे पाहिलं ते फोनवर सांगितलं होतं. मृदुलाबेन सरळ आल्या आणि मोहनाच्या थोबाडीत मारली.

मोहनाचा हात आपोआप वर आला. इतक्या वर्षांची सवय, अडवण्यासाठी तो आलाच. तिने तो खाली घेतला. दुसरी थप्पड बसली, अंगठीने ओठ फाटला. तिसऱ्या वेळी नर्सने मृदुलाबेनना धरलं.

"माझ्याकडून झालं," मोहना मोडक्या गुजरातीत म्हणाली. एरवी तिची गुजराती मोडकी नव्हती. "ती तयार नव्हती. तरी मी मारलं."

भूल देऊन सानवीचं हाड ओढून बसवलं, प्लास्टर चढलं. तिला बाहेर आणून खाटेवर झोपवलं तेव्हा ती अर्धवट जागी होती. मृदुलाबेन उशाशी बसल्या. मोहना पायथ्याशी भिंतीला टेकून उभी होती. तिला जायला सांगितलं होतं, ती गेली नव्हती. सानवीने डोळे उघडले, मोहनाकडे पाहिलं आणि जडावलेल्या जिभेने म्हणाली, "मम्मी, टीचरने पण वाग्युं छे. लोही नीकळे छे."

मोहनाला वाटलं, ओठातल्या रक्ताचं म्हणतेय. तिने ओठ पुसला. पण मुलीची नजर खाली होती. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि फरशीवर चपलेचा लाल ठसा उमटला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मोहनाने तो उचलताना स्पीकरवर बोट लागलं, आणि उन्मेषचा आवाज खोलीभर घुमला. "मोहना, आला! रिपोर्ट आला! साधी आहे, साधी गाठ आहे, कॅन्सर-बिन्सर काही नाही! एमआरआयही साफ! ऐकतेस ने? अगं रड, हस, काहीतरी कर!"

मोहनाला आनंद झाला. आणि त्या खोलीत तो आनंद ठेवायला जागा नव्हती.

"शेनी गांठ?" कसली गाठ, असं मृदुलाबेननी विचारलं.

मोहनाने सांगितलं. गाठ, रक्त, आत्या, लॅबचे फोन, स्कूटरवाला, सगळं. आणि शेवटी जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते, "मला भीती वाटत होती. फार भीती वाटत होती."

मृदुलाबेन ऐकत होत्या. त्यांचा चेहरा जरासुद्धा मऊ झाला नाही. त्या उठल्या, स्वतःची ओढणी काढली आणि मोहनाच्या अंगावर जवळजवळ फेकली. "बांधो केडे," त्या म्हणाल्या. मोहनाने ती कमरेला गुंडाळली. गाठ मारताना तिची बोटं चालेनात, म्हणून मृदुलाबेननीच पुढे होऊन ती घट्ट आवळली, पोटाला रग लागेल इतकी घट्ट.

"में पूछ्युं'तुं ने तमने," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काले पण पूछ्युं, आजे पण पूछ्युं. तमे बोल्यां होत, तो हुं मारी छोकरीने आजे मोकलत ज नहीं."

तुम्ही बोलला असता तर मुलीला आज पाठवलंच नसतं, हे मोहनाला कळलं आणि तिने सानवीच्या प्लास्टरकडे पाहिलं. फोनमधून उन्मेष अजून ओरडून सांगत होता, साधी आहे, साधी गाठ आहे.