अध्यक्षांच्या निरोपाचा मांडव

आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी पद सोडलं तेव्हा आमच्या लोकांनी जे काही केलं, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. वीस-बावीस वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली, प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर 'खुर्ची सोडा' म्हणून घसा कोरडा केला. आणि त्यांनी खरंच खुर्ची सोडली तर ग्रुपवर रडारड सुरू. 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' 'आधारवड हरपला.' ते वाचून कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांगच लागली. माणूस तिकडे रावेतला लेकीच्या घरी पोहे खात बसला होता. गुडघे गेले म्हणून पद सोडलं, एवढंच. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथे म्हैस मरेपर्यंत थांबायचीही कुणाला सवड नव्हती.

मी या क्लबच्या नादी लागले ती नवऱ्यामुळे. तो आमचा गोलकीपर. त्याचं खेळणं सुटलं, माझं जाणं काही सुटलं नाही. आठवडाभर चाकणच्या कंपनीत पार्ट तपासायचे आणि रविवारी काळेवाडीहून डबा घेऊन मैदान गाठायचं, असं माझं चाललेलं असतं.

अध्यक्षांवर सगळ्यांचा राग एकाच गोष्टीचा. ते नाही म्हणायचे. लग्नाला मैदान देता का? नाही. टेनिस बॉलच्या क्रिकेटला? नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या सभेला? नाव काढू नका. जागा सरकारी, क्लबच्या नावावर कागदाचा कपटा नाही, नुसती वहिवाट. "एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही," असं ते सांगायचे. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी परत पाठवलं होतं. आमचे लोक म्हणायचे, म्हातारा आडमुठा आहे, याच्यामुळे कुणी मोठा माणूस आपल्या मागे उभा राहत नाही. खरंही असेल. पण आजूबाजूच्या मोकळ्या जागांची लग्नाची लॉन्स झाली, पार्किंग झालं, आणि आमचं मैदान तेवढं मैदान राहिलं.

तर निरोप समारंभ ठरवायला टपरीवर बैठक बसली. पुढारपण आमच्या ढोलवाल्याकडे. हा इथल्या जुन्या गावकीतला, प्रत्येक मॅचला ढोल वाजवणारा. मनाने सोनं. डोक्याबद्दल न बोललेलं बरं.

"साहेबांचा सत्कार मैदानातच व्हायला पायजे," तो म्हणाला. "मांडव माझ्या भावाचा हाय. फुकट देतोय."

मी म्हटलं, "अहो दादा, ज्यांनी जन्मभर मैदानात मांडव पडू दिला नाही, त्यांच्याच निरोपाला मांडव घालणार?"

"ताई, ते परक्याचं. ह्यो आपला हाय."

"शाळेचा हॉल घ्या की."

"हॉलमधी ढोल वाजतोय व्हय?"

सगळे हसले आणि तेच ठरलं. घरी आल्यावर नवराही म्हणाला, "जाऊ दे ना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मी भांडी जरा जोरातच घासली.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊन बघते तर पहारीने खड्डे मारलेले, त्यातला एक बरोब्बर गोलच्या तोंडाशी. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांची थोबाडं ताटाएवढी. वर प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवावं? ज्यांना साहेबांनी सभेसाठी मैदान नाकारलं होतं, त्याच आमच्या भागातल्या माननीय नगरसेवकांना. पाहुण्याशिवाय सत्कार शोभत नाही म्हणे.

साहेब रिक्षातून उतरले आणि मांडवाकडे बघत उभेच राहिले. "हे कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं. आमच्या लोकांना वाटलं, कौतुक चाललंय. भराभर हात वर झाले. साहेब "बरं" म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले.

शाल झाली, नारळ झाला. मग माननीयांनी माइक घेतला. "साहेबांचा आणि माझा या मांडवावरूनच वाद होता. आज साहेब स्वतः मांडवात बसलेत, म्हणजे वाद मिटला. पुढच्या रविवारी माझ्या पुतणीचं लग्न इथेच करू. तुम्ही सगळे घरचेच आहात. कुणाची हरकत नाही ना?"

पुढच्या रविवारी तिथे आमची मॅच होती. आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुसत्या सवयीने. मग कुठे एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि टाळ्या विरत गेल्या. ढोलवाला साहेबांच्या कानाशी वाकला. मी पुढच्याच रांगेत होते, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, तुमी सांगा ना न्हाई म्हनून."

"मी आता कोण? तुम्ही सांगा."

साहेबांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलणारी ही माणसं, आणि आता एकाच्या तोंडून शब्द फुटेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. मी उठले आणि म्हटलं, "हरकत आहे. रविवारी आमची मॅच आहे."

माननीय हसले. "ताईंना पहिली पत्रिका द्या रे," म्हणाले. नवरा माझी ओढणी खाली खेचत होता. मागून कुणीतरी समजुतीने म्हणालं, "ताई, बसा ना, आज साहेबांचा कार्यक्रम आहे." साहेब मात्र माझ्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "अजून एकदा सांगा."

मी सांगितलं. पण ढोलवाल्याला काय करावं सुचेना, त्याने ढोल वाजवायला घेतला, आणि माझं बोलणं माझं मलाच ऐकू आलं नाही.

लग्न झालं. मॅच दुसऱ्यांच्या मैदानावर गेली आणि आम्ही हरलो. आमचे निम्मे लोक मॅचला आलेच नाहीत, संध्याकाळी ग्रुपवर बासुंदी झकास होती असं आलं. हल्ली मैदानाच्या तारखा माननीयांच्या ऑफिसात मिळतात. मी विचारायला गेले होते. रविवार एकही शिल्लक नव्हता.