भावजींची मोठी पुली

माझे धाकटे दीर सदानंद, आमचे भावजी, गेले त्याला आता सहा आठवडे झाले. बातमी मला कोणी आणून दिली नाही. त्यांना बागेतून सडकेपर्यंत मीच नेलं, त्यांच्याच ट्रॅक्टरवरून. ट्रॅक्टर फार सावकाश चालला. तो सावकाश का चालला, ते मला सांगायचं आहे.

भावजी बोटीवर इंजिनात कामाला होते. नोकरी संपवून पालीजवळच्या आमच्या बागेत राहायला आले, तेव्हा माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाग मीच बघत होते. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलने हिरवळ कापायचा जुना, लहान ट्रॅक्टर विकायला काढला. तो भावजींनी आणला आणि मागे आंब्याच्या क्रेटसाठी ट्रॉली जोडली. त्याला गिअर नाहीत. हायड्रोस्टॅटिक म्हणतात, असं ते सांगत. इंजिन पट्ट्याने पंप फिरवतं आणि पंपातलं तेल चाकं फिरवतं. पायाने दाबलं की जातो, पाय काढला की थांबतो. पण चाल अशी, की सडकेला पोचेपर्यंत भावजींच्या दोन विड्या संपायच्या. मी चालत निघायची ती पुढे निघून जायची. "वैनी, तुम्ही जाऊन चहा टाका. आम्ही येतो पावसाळ्यापर्यंत," असं मागून ओरडायचे.

ती चाल त्यांना सहन होईना. आधी तेल बदललं. मग पायाखालचा दांडा पूर्ण दाबला जात नव्हता, तो नीट केला. पट्टा नवा घातला. दर वेळी मला बोलवायचं, विडी पेटवायची आणि सडकेपर्यंत जायचं. फरक पडे, पण थोडाच. शेवटी रत्नागिरीहून लेथवर इंजिनाची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, बोटभर मोठी करून आणली. पुली मोठी, म्हणजे पंप जोरात फिरणार. त्या दिवशी ते सडकेला पोचले तेव्हा दुसरी विडी नुकती पेटवली होती. ती त्यांनी मला लांबूनच हात वर करून दाखवली.

मी क्रेट उघडले. आम्ही आंबा देठासकट काढतो. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. कातळावरून ट्रॉली उडत आली होती... निम्म्या आंब्यांचे देठ गेले होते.

"भावजी, हे नारळ नाहीत. जुनी पुली घाला."

"वैनी, आंब्यांना बसायला गादी घालतो."

"गादी तुम्हाला घाला. बाग मी बघते."

दोन दिवस ट्रॅक्टरला हात लावला नाही. मग जुनी पुली बसवली. मोठी अवजारांच्या खोपीत खिळ्याला टांगली आणि गंजू नये म्हणून तिला तेल लावत राहिले.

त्या सकाळी ते आंब्याच्या कलमाखाली डावा हात धरून बसले होते, घामाने निथळत. बागेत आम्ही दोघंच. फोन केला तर पालीचा रिक्षावाला म्हणाला, सडकेवर येऊन थांबतो, आत रिक्षा येत नाही. भावजी स्वतःच ट्रॉलीत पेंढ्यावर आडवे झाले. मी जन्मात पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसले आणि पाय दाबला. पूर्ण दाबला, तरी चाल तीच. मागून आवाज आला, "वैनी... देठ सांभाळा." मी वळले नाही. नंतर ते काही बोलले नाहीत. रत्नागिरीत डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. "सांगता येत नाही, आजी." मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. सगळं उरकून घरी आले आणि आदल्या दिवशीचे आंबे पेंढ्यात घातले. ते तसेच पडून होते.

गेल्या आठवड्यात शेवटची तोड झाली. पालीच्या मिस्त्रीला बोलावून मी मोठी पुली बसवून घेतली. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मिस्त्रीला ट्रॉलीत बसवलं, भावजींच्या बंडलातल्या दोन विड्या दिल्या आणि ट्रॅक्टर मीच सडकेला नेला. पोचलो तेव्हा त्याने दुसरी नुकती पेटवली होती. क्रेट उघडले. देठ तुटले होते, चीक ओघळला होता. म्हणजे माझं बरोबर होतं...

मिस्त्रीने फळांकडे बघितलं. म्हणाला, "आजी, जुनी पुली परत घालू?"

म्हटलं, "नको. तिला तेल लाव आणि खोपीतल्या त्या खिळ्याला टांग."